पहिल्याच्या जागी तिसरा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, असे समितीचे पत्र आले तेव्हा डोळ्यांसमोर प्रथम उभी राहिली ती जुन्या इमारतीतील जिन्याखालची बँडची खोली, आणि त्या खोलीत गुडघ्यावर रुमाल पसरून ट्रम्पेटचे व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायचे खटके, पुसत बसलेले आमचे सर. बाकीची शाळा मागाहून आठवली, आणि तीही थोडी अंधूकच. इतर शिक्षकांवर अन्याय करण्याचा माझा हेतू नाही. परंतु आज वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीही रोज रात्री मी जे वाद्य हातात घेतो, ते कसे धरावे हे ज्यांनी शिकवले त्यांच्याविषयीच लिहिणे मला जमेल.

सर वर्गात गणित शिकवीत आणि शाळा भरण्यापूर्वी पाऊण तास बँड घेत, हे सर्वांना ठाऊक आहे. आठवीत असताना माझ्या वाट्याला शाळेचा दोन क्रमांकाचा ट्रम्पेट आला. त्याचे लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत लेप, हाताच्या घामाने उडालेले होते आणि तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड, म्हणजे आतबाहेर सरकणारी जोडनळी, कित्येक वर्षांत हललेली नव्हती. आठ-पंधरा दिवसांत एखादी चाल वाजवता येईल, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात दोन महिने सरांनी मला एकही चाल वाजवू दिली नाही. रोज तेच काम: एक श्वास, एक सूर, आणि मनात वीसपर्यंत मोजणे. सूर मध्येच थरथरला की मोजणी पुन्हा एकपासून. ट्रम्पेटला सनईसारखी पत्ती नसते. वाजवणाऱ्याचे ओठच पत्तीचे काम करतात, आणि ४४० कंपनांचा सूर लावायचा असेल तर ते सेकंदाला ४४० वेळा उघडमीट करतात. हे एकदा सांगून सर म्हणाले होते, “एवढं काम ओठ करणार असतील, तर त्यांना दाबून कसं चालेल?” कारण आम्ही सगळेच दाबत असू. वरचा सूर येत नाही म्हटल्यावर माउथपीस ओठांवर रेटायचे, हा प्रत्येक नवशिक्याचा उपाय असतो. सूर एखादवेळी येतोही, पण ओठांचे रक्त अडते आणि दहा मिनिटांत ओठ दमतात. सर वाजवणे ऐकण्याआधी आमच्या ओठांवर उमटलेली गोल खूण पाहत. खूण गडद असेल तर त्या दिवशीचा रियाज तिथेच संपे.

गणिताचा शिक्षक बँड शिकवतो तेव्हा काय होते, याचे उदाहरण मला येथे नोंदवलेच पाहिजे. बी फ्लॅट ट्रम्पेटची नळी उलगडली तर साधारण १४८ सेंटिमीटर भरते. व्हॉल्व्ह दाबला की हवा जादा नळीतून फिरून जाते आणि सूर उतरतो. दुसरा व्हॉल्व्ह सूर अर्ध्या स्वराने उतरवतो, पहिला एका स्वराने आणि तिसरा दीड स्वराने. म्हणजे त्यांनी नळीत अनुक्रमे सुमारे ८.८, १८.१ आणि २८ सेंटिमीटरांची भर घालायला हवी. येथपर्यंत सर्व सरळ आहे. मग सरांनी फळ्यावर प्रश्न लिहिला: तिन्ही व्हॉल्व्ह एकदम दाबले तर सूर तीन पूर्ण स्वरांनी उतरला पाहिजे, आणि त्यासाठी ६१.३ सेंटिमीटर जादा नळी लागते. तुमच्याकडे किती आहे? बेरीज ५४.९ आली. साडेसहा सेंटिमीटरांच्या आसपास नळी कमी पडते, म्हणून तो सूर चढा लागतो, आणि म्हणूनच तिसऱ्या स्लाइडला अंगठी असते: तो सूर लावताना डाव्या हाताच्या बोटाने ती स्लाइड बाहेर सरकवून तूट भरून काढायची. माझ्या ट्रम्पेटची नेमकी तीच स्लाइड गच्च बसलेली होती. खालचा सूर बेसूर लागतो म्हणून महिनाभर मी स्वतःच्या कानाला दोष देत होतो. त्या दिवशी कळले की दोष नळीचा होता. सरांनी सांध्यात तेल सोडले, दोन दिवस तसेच मुरू दिले, मग अंगठीत कापडाची पट्टी ओवून एक हलका हिसका दिला, आणि ती स्लाइड बाटलीचे बूच उघडल्यासारखा आवाज करून बाहेर आली. सुरांची बेरीज म्हणजे नळीच्या लांबीचा गुणाकार, हे त्या फळ्यावरच कळले होते; म्हणून लॉगरिथमचा धडा पुढे अकरावीत आला तेव्हा वर्गात मला एकट्यालाच तो ओळखीचा वाटला.

व्हॉल्व्ह नव्हते तेव्हा लोक काय करीत, असे मी विचारले होते. साध्या कर्ण्यातून ओठांच्या बळावर ठरावीक स्वरपंक्तीच निघते, तिच्यातला सातवा सूर तर उतरलेलाच असतो, आणि खालच्या सप्तकात दोन सुरांमधल्या जागा रिकाम्या राहतात. व्हिएन्नाच्या आंटोन वायडिंगर या वादकाने नळीला भोके पाडून त्यांवर चाव्या बसवलेला ट्रम्पेट तयार केला, आणि संगीतकार हायडनने १७९६ साली त्याच्यासाठी कॉन्चेर्टो, म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांची रचना, लिहिला तेव्हा ट्रम्पेट प्रथमच खालच्या पट्टीत सलग सुरावट गाऊ लागला. चाव्यांचा हा मार्ग फार टिकला नाही. १८१८ साली श्टोल्त्सेल आणि ब्ल्युमेल यांनी बर्लिनमध्ये व्हॉल्व्हचे पेटंट घेतले आणि पुढचा इतिहास आमच्या तीन बोटांखाली आला. सर हे सर्व अशा जिव्हाळ्याने सांगत की वायडिंगर हा शाळेचाच कोणी माजी विद्यार्थी असावा.

आता त्या प्रसंगाकडे वळतो. खरे तर तोच सांगण्यासाठी मी हे लिहायला घेतले.

मी नववीत असताना वार्षिक क्रीडास्पर्धांच्या उद्घाटनाला सोळा मात्रांची सलामी एकट्याने वाजवण्याचे काम माझ्याकडे आले. आदल्या रात्री, उत्साहाच्या भरात, मी तिन्ही व्हॉल्व्ह एकदम बाहेर काढले, स्वच्छ पुसले, तेल लावले आणि पुन्हा बसवले. सकाळी मैदानावर थंडी होती. पितळ गार असले की सूर उतरतो, म्हणून वाद्य अंगाशी धरून ऊब द्यायची, ही सरांची शिकवण मी पाळत होतो. पण वाजवून पाहण्याचे मात्र सुचले नव्हते. कार्यक्रमाला दहा मिनिटे उरली असताना मी फुंकर घातली, आणि ती भिंतीवर घातल्यासारखी परत आली. पुन्हा घातली, गाल फुगले, कान तापले, सूर सोडाच, पलीकडून साधी हवाही येईना. सरांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, ट्रम्पेट काढून घेतला, एकदा फुंकला आणि खाली ठेवला. मग स्वतःच्या पेटीतून फ्लुगलहॉर्न, म्हणजे ट्रम्पेटसारखेच पण मऊ आवाजाचे वाद्य, काढून माझ्या हातात दिला.

त्या वाद्याला आम्ही कोणी हात लावीत नसू. ते शाळेचे नव्हते. सरांचे स्वतःचे होते, आणि बँड सुटल्यावर खोलीत कोणी नसताना ते वाजवीत तेव्हा आम्ही जिन्यावर थांबून ऐकत असू. “बोटं तीच आहेत,” सर म्हणाले. “फक्त ढकलू नकोस.” एवढीच सूचना मिळाली.

बोटे खरोखर तीच होती. फ्लुगलहॉर्नची नळी बी फ्लॅट ट्रम्पेटइतकीच लांब असते आणि व्हॉल्व्हचे संकेतही सारखेच असतात. पण ट्रम्पेटची नळी बरीच अंतरे एकाच जाडीची राहते, आणि फ्लुगलहॉर्नची, व्हॉल्व्हचा भाग सोडला तर, माउथपीसपासून कर्ण्याच्या तोंडापर्यंत रुंदावत जाते. माउथपीसची वाटीही खोल, नरसाळ्यासारखी. त्यामुळे ट्रम्पेटच्या सुराला जी धार असते ती येथे नसते. सूर गोल आणि काहीसा सावळा निघतो. मला यातले काहीच ठाऊक नव्हते. मी सवयीप्रमाणे पहिला सूर जोरात मारला, आणि तो उसळण्याऐवजी सांडल्यासारखा पसरला. दुसऱ्या सुराला मी जोर आणखी वाढवला, तर तो घसरून भलतीकडेच गेला, कारण या वाद्यात प्रत्येक सुराची जागा ट्रम्पेटइतकी घट्ट नसते. तिसऱ्या मात्रेवर सरांचे शब्द आठवले आणि मी नुसता श्वास सोडू लागलो. उरलेली सलामी कशी वाजली हे मला नीट सांगता येणार नाही. इतके आठवते की ती सलामी वाटतच नव्हती. संचलनासाठी उभी असलेली मुले हललीच नाहीत, कारण ही आपल्यासाठीची खूण आहे हे त्यांना पटले नसावे. शेवटी शारीरिक शिक्षणाच्या सरांनी हातवारे करून त्यांना पुढे काढले. प्रमुख पाहुण्यांनी मात्र नंतर, हे कोणते वाद्य, अशी चौकशी केली.

कार्यक्रम संपल्यावर सरांनी रुमाल पसरला, माझ्या ट्रम्पेटचे तिन्ही व्हॉल्व्ह काढून ओळीने ठेवले आणि त्यांच्या अंगावर कोरलेले आकडे मला वाचायला लावले. पहिल्याच्या जागी तिसरा बसला होता आणि तिसऱ्याच्या जागी पहिला. व्हॉल्व्हच्या अंगातली छिद्रे नळ्यांच्या तोंडांसमोर आली नाहीत की हवेची वाट बंद होते, हे त्यांनी मला आत बोट घालून दाखवले. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर मात्र मला रोज डोळे मिटून व्हॉल्व्ह काढावे आणि बसवावे लागले, आकडा अंगठ्याच्या नखाने चाचपून. आजही मी दोन व्हॉल्व्ह एकाच वेळी बाहेर काढीत नाही.

शाळा सुटली आणि वाद्यही सुटले. शिक्षण, मग लेखापरीक्षणाची नोकरी, मग बढत्या. विभागप्रमुखपदापर्यंत पोहोचलो, याचा आनंद आहेच. परंतु चोवीस वर्षे ओठांना माउथपीस लागले नाही, आणि बेचाळिसाव्या वर्षी जुना ट्रम्पेट विकत घेऊन पहिला सूर लावला तेव्हा पाचपर्यंत मोजायच्या आतच ओठांच्या कडांतून हवा सुटू लागली. हे स्नायू पंधरा दिवसांच्या खंडानेही रुसतात, तेथे चोवीस वर्षांची काय कथा. पुन्हा दोन महिने लांब सूर लावले; या वेळी मला कोणी सांगितले नव्हते.

फ्लुगलहॉर्न घ्यायला आणखी सहा वर्षे लागली, आणि घेतला तोही अज्ञानानेच. त्याच्या माउथपीसचा दांडा ट्रम्पेटला चालत नाही हे ठाऊक होते. पण फ्लुगलहॉर्नचे दांडेही निरनिराळ्या उताराचे असतात आणि एकाचा दुसऱ्यात नीट बसत नाही, हे माउथपीस डगमगू लागल्यावर आणि वरचे सूर वाकडे लागल्यावर कळले. दुसरा धडा अधिक जाहीर होता. फ्लुगलहॉर्न सुरात मिळवताना माउथपीसकडची नळीच पुढेमागे सरकवायची असते आणि मग एका स्क्रूने ती आवळायची असते. मी आवळायला विसरलो, आणि ऐन कार्यक्रमात ती नळी माउथपीससह माझ्या तोंडासमोर हळूहळू फिरू लागली. मी मानेने तिच्यामागे जात राहिलो. शेजारचा ट्रॉम्बोनवाला अजून त्याची नक्कल करून दाखवतो.

ज्या हौशी वाद्यवृंदात मी वाजवतो तेथे आम्ही तेवीस जण आहोत आणि मी तिसरा ट्रम्पेट आहे. दुसरा होण्याची शक्यता नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. मात्र रचनेत फ्लुगलहॉर्न आला की सर्वजण माझ्याकडे पाहतात, आणि गेल्या वर्षी दोन मिनिटांचा एकल भाग मी न अडखळता पार पाडला, हे येथे सांगण्याचा मोह मला आवरत नाही. हे वाद्य ऑर्केस्ट्रात फारसे बोलावले जात नाही. इंग्लिश संगीतकार व्हॉन विल्यम्स यांनी १९५८ साली प्रथम वाजलेल्या आपल्या नवव्या सिंफनीत त्याला जागा दिली; जॅझमध्ये अमेरिकन वादक क्लार्क टेरी यांनी त्याला घर मिळवून दिले. टेरींचे ध्वनिमुद्रण पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी कोणत्या गावात, कोणत्या वर्षी होतो ते सर्व विसरून जिन्यावर बसल्यासारखा बसून राहिलो होतो.

गेल्या वर्षी शाळेत आलो होतो. बँडच्या खोलीत आता जुने बाक रचलेले आहेत आणि क्रीडास्पर्धांची सलामी ध्वनिक्षेपकावरून वाजते. वाद्ये एका कपाटात आहेत. दोन क्रमांकाचा ट्रम्पेट मी ओळखला; त्याच्या नळीवर तांबूस ठिपके उठले आहेत, म्हणजे पितळेतले जस्त निघून जात आहे, आणि तिसरी स्लाइड पुन्हा गच्च बसली आहे. ती मी सोडवून देईन, नळी बदलण्याचा खर्चही देईन, असे कार्यालयाला दोनदा लिहिले. उत्तर आलेले नाही. स्मरणिकेच्या पानावर हे लिहिणे शोभत नसेल तर संपादकांनी हा परिच्छेद गाळावा. परंतु गाळू नये, अशी माझी विनंती आहे.

सरांची भेट त्याच फेरीत झाली. वय चौऱ्याऐंशी, दमा असल्यामुळे फुंकणे बंद होऊन बरीच वर्षे झाली. मी फ्लुगलहॉर्न त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो ओठांना लावला नाही. पहिला व्हॉल्व्ह काढला, चष्मा कपाळावर सरकवून आकडा पाहिला, परत बसवला. मग दुसरा, मग तिसरा. मग वाद्य माझ्याकडे देऊन म्हणाले, “लाव सूर.” मी मधला सूर लावला आणि सोळापर्यंत तो धरून ठेवला, सतराव्याला तो थरथरला.

सर मनात मोजत होते हे मला ठाऊकच नव्हते. त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, “पुन्हा एकपासून.”