बेदाण्यांचे खडे

ग्रॅनोलात बेदाणे शेवटी घालायचे असतात, हे मला पहिला घाणा बिघडल्यावर कळलं. ओट्स, शेंगदाणे, तीळ, जवस यांच्यासोबत मी तेही ओव्हनमध्ये सारले आणि अर्ध्या तासानं पंढरपूरकडच्या त्या रसरशीत बेदाण्यांचे काळे खडे होऊन बाहेर आले. आईनं एक तोंडात टाकला, या गालातून त्या गालात फिरवला, हळूच तळहातावर काढला आणि म्हणाली, "बाळा, हा खाऊ आहे का औषध?"

या भानगडीला कारण आमची लेक. ती पुण्यात नोकरी करते. दिवाळीला येताना तिनं ग्रॅनोलाचं, म्हणजे भाजलेल्या ओट्स-दाण्यांच्या कुरकुरीत खाऊचं, पाकीट आणलं. "बाबा, संध्याकाळचा चिवडा बंद, हे खायचं." मी आधी किंमत बघितली, मग मागचा मजकूर वाचला. ओट्स सोडले तर त्यातलं सगळं आमच्या स्वयंपाकघरात बारा महिने असतं. शेंगांचं तर बोलायलाच नको. चटणीत शेंगा, पोळीत शेंगा, आमटीत कूट. ज्या गावात उखळात कुटलेल्या चटणीला शेंगांचंच तेल सुटतं, त्या गावच्या माणसानं शेंगदाणे घातलेलं पाकीट पुण्याहून मागवायचं?

तर, हट्ट. ३ वाट्या ओट्स, १ वाटी शेंगदाणे, मूठभर तीळ, तेवढंच जवस, पाऊण वाटी गूळ, ३ चमचे करडईचं तेल. ओव्हन १५० अंशांवर. मध्ये एकदा उलथनं फिरवायचं, बाहेर काढल्यावर मात्र हात लावायचा नाही. गार होतानाच गूळ आळतो आणि खडबडीत गठ्ठे जमतात. मी हात लावला. गठ्ठे मोडले, पक्ष्यांना टाकायचे दाणे दिसावेत तसं झालं. वर गरम गरमच बरणीत भरलं, झाकणाला आतून वाफ धरली आणि सकाळपर्यंत सगळं सादळलं. ही म्हणाली, "एप्रिलमध्ये सोलापुरात ओव्हन कशाला लावता? ताट गच्चीवर ठेवा, कुरडयांच्या शेजारी." मला तो टोमणा वाटला, पण त्यात तथ्य होतं.

वड्या पाडायचं ठरवलं तेव्हा आई स्वतः गॅससमोर येऊन उभी राहिली. पाकाच्या बाबतीत ती माझ्यावर विश्वास ठेवत नाही. चिक्कीचा पाक पाण्याच्या वाटीत टाकला की लगेच कडक होतो, ताटलीवर आपटला की टण्ण वाजतो. ग्रॅनोलाच्या वडीला तो चालत नाही, दात पडायचे. तिनं चमच्यानं थेंब पाण्यात सोडला, दोन बोटांत धरला. पहिला विरघळला. दुसरा ताणला गेला. तिसऱ्याची मऊ गोळी झाली, दाबली तर चपटी झाली. "हं, बंद कर." मी घड्याळाकडे बघत होतो, ती बुडबुड्यांकडे. मिश्रण तूप लावलेल्या ताटात ओतून वाटीच्या बुडानं दाबलं आणि कोमट असतानाच सुरी चालवली. गार झाल्यावर कापायला गेलं की वडीचा नुसता चुरा होतो.

पहिल्या घाण्याचं काय झालं, ते राहिलंच. ही टाकून द्यायला निघाली होती. आईनं डबा काढून घेतला, रात्री वाटीभर दुधात भिजत घातलं आणि सकाळी चमच्यानं खाल्लं, खडे झालेल्या बेदाण्यांसकट. "कडक भाकरीसारखं लागतंय," म्हणाली.

मला हसू आलं. पण नंतर ग्रॅनोलाची कुळकथा वाचली आणि हसू गेलं. १८६३ साली न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावात जेम्स केलेब जॅक्सन नावाचा डॉक्टर आरोग्यधाम चालवत होता. त्यानं कोंड्यासकट गव्हाच्या पिठाच्या जाड पोळ्या भाजल्या, मोडल्या, तुकडे पुन्हा भाजले आणि आणखी बारीक केले. नाव ठेवलं ग्रॅन्युला. ते इतकं कडक असायचं, की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय चावता येत नसे. पुढे अमेरिकेतल्याच बॅटल क्रीक गावच्या डॉक्टर केलॉग यांनी तशाच पदार्थाला तेच नाव दिलं, तंटा झाला आणि त्यांनी आपल्याचं ग्रॅनोला करून टाकलं.

म्हणजे मुळात ती कडक भाकरीच की! ज्वारीची पातळ लाटलेली, तव्यावर शेकून फडक्यानं दाबत दाबत पाणी उडवलेली, वर तीळ. पाणी गेलं की ती आठवडेच्या आठवडे टिकते, आणि आमच्या कोरड्या हवेत तर सादळायचं नाव घेत नाही. आमटीत चुरायची, नाहीतर दूध-गुळात.

परवाच्या घाण्यात मी अर्धे ओट्स कमी केले आणि तेवढाच कडक भाकरीचा चुरा घातला. बेदाणे अर्थात शेवटी. डबा पुण्याला गेला. दोन दिवसांनी लेकीचा फोन आला, तोंडात घास तसाच. "बाबा, यात ते वेगळं कुरकुरीत काय आहे?"

मी फोन आईकडे दिला. तिचं लक्ष नव्हतं. बरणी पुढ्यात घेऊन ती आतले बेदाणे तेवढे वेचून खात होती.