डायबेटीसचा मेडिकेअर प्लॅन: आजार आहे हे डॉक्टरांनी कळवायचं असतं

आमच्या हिचा डायबेटीस जुना, इन्सुलिनवरचा. आम्ही अमेरिकेत राहतो आणि मेडिकेअर हा इथला सरकारी आरोग्यविमा, मुख्यतः पासष्टी गाठलेल्यांसाठी. तोच खासगी कंपनीमार्फत घेतला की ॲडव्हान्टेज प्लॅन. २०२५ च्या उन्हाळ्यात तिचा साधा ॲडव्हान्टेज प्लॅन बदलून आम्ही सी-एसएनपी (जुनाट आजारांसाठीचा खास प्लॅन) घेतला. हाही मेडिकेअर ॲडव्हान्टेजचाच प्रकार, पण ठरावीक जुनाट आजार असलेल्यांपुरता. डायबेटीस, हार्ट फेल्युअर, फुप्फुसांचे जुनाट विकार, स्ट्रोक, डिमेन्शिया असे आजार मेडिकेअरच्या यादीत आहेत. मात्र यादीतल्या प्रत्येक आजाराचा प्लॅन प्रत्येक काउंटीत (जिल्ह्यात) मिळतोच असं नाही. मलाही घ्यावासा वाटला होता, पण माझं नुसतं बीपी. नुसत्या बीपीवर भागत नाही, त्यामुळे मी आहे तिथेच राहिलो.

पात्रतेच्या बाकीच्या अटी सोप्या. मेडिकेअरचे पार्ट ए (हॉस्पिटलचा विमा) आणि पार्ट बी (डॉक्टर व बाह्यरुग्ण उपचारांचा) दोन्ही हवेत आणि प्लॅनच्या सेवाक्षेत्रात राहायला हवं. हिने इथे नोकरी केलेली नाही, पण माझे चाळीस क्वार्टर (तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं नोकरी करून भरलेला कर) झालेले असल्याने तिला पार्ट ए फुकट मिळाला. पार्ट बीचा हप्ता २०२५ मध्ये महिना १८५ डॉलर होता आणि ॲडव्हान्टेज प्लॅन घेतला तरी तो सुटत नाही. ‘झिरो प्रीमियम’च्या जाहिरातीत हे बारीक अक्षरांत असतं. ज्यांनी आई-वडिलांना ग्रीन कार्डावर आणलंय त्यांचं गणित वेगळं. आधी सलग पाच वर्षं इथे वास्तव्य, मग पार्ट ए विकत घ्यायचा, ज्याचा पूर्ण हप्ता त्या वर्षी महिना ५१८ डॉलर होता.

एक मोठी सोय म्हणजे प्लॅन बदलायच्या १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबरच्या वार्षिक मुदतीची वाट पाहावी लागत नाही. यादीतला आजार असेल तर वर्षात कधीही सी-एसएनपीत जाता येतं. ही सवलत एकदा वापरली की त्या आजारापुरती संपते, म्हणून घाई नको. राज्याच्या शिप केंद्रात (मेडिकेअरविषयी सल्ला देणारी सरकारी मदतीची सेवा) मोफत सल्ला मिळतो. तिथल्या बाई काही विकत नव्हत्या, हेच मला आवडलं. त्यांनी आधी हिचे डॉक्टर आणि औषधं लिहून घेतली, प्लॅनचं नाव नंतर काढलं. एजंटाचा सूर उलटा होता: किराण्याचं कार्ड, दातांचे पैसे, आणि एन्डोक्रिनॉलॉजिस्ट (हिचे डायबेटीसचे डॉक्टर) नेटवर्कमध्ये, म्हणजे प्लॅनने ठरवलेल्या डॉक्टरांत, आहेत का हे मी विचारल्यावर ‘बघून सांगतो’. मी स्वतःच डॉक्टरांच्या ऑफिसला फोन करून प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारलं. एकाच कंपनीचे चार प्लॅन असतात आणि डॉक्टर त्यातले दोनच घेतात, असं सर्रास होतं.

नाव नोंदवताना फोनवर प्रश्न आले. डॉक्टरांनी डायबेटीस सांगितलाय का, इन्सुलिन किंवा गोळ्या चालू आहेत का. ही उत्तरं हिने स्वतः दिली, मी शेजारी बसलो होतो. त्यावर प्लॅन सुरू झाला, पण तो कच्चा. आजार खरोखर आहे हे डॉक्टरांकडून प्लॅनला पहिल्या महिन्याअखेर कळावं लागतं. नाही कळलं तर पत्र येतं आणि दुसऱ्या महिन्याच्या शेवटी नाव कमी होतं. पंधरा वर्षं इन्सुलिन घेतलं असलं तरी.

आणि घोडं अडलं ते इथेच. फॉर्म म्हणजे एक पान: नाव, जन्मतारीख, मेडिकेअर नंबर, आजारापुढे चौकोन, खाली डॉक्टरांची सही. प्लॅनने तो फॅक्स केला, क्लिनिकने ‘आलाच नाही’ म्हटलं, प्लॅनने ‘गेला’ म्हटलं. शेवटी रेकॉर्ड बघणाऱ्या मुलीने शोधला तेव्हा कळलं की फॉर्म आला होता, पण पेशंट सापडत नव्हती. पासपोर्टात हिच्या नावाला जोडून माझं नाव आहे, तेच मेडिकेअर कार्डावर उतरलं. क्लिनिकच्या फायलीत मात्र फक्त पहिलं नाव आणि आडनाव. आपल्याकडच्या बायकांच्या बाबतीत हे होणारच. मी कार्डाची प्रत नेऊन दिली, फायलीत दुसरं नाव चढवून घेतलं आणि सही झालेल्या फॉर्मची एक प्रत मागून घेतली. त्याच संध्याकाळी प्लॅनला फोन करून ‘मिळाला का’ विचारलं आणि फोनचा रेफरन्स नंबर लिहून ठेवला. नर्सशी गोड बोलून काम लवकर होतं, रागावून नाही, हे मी क्लिनिकच्या खिडकीपाशी रांगेत उभं राहून पाहिलंय.

ज्यांच्याकडे मेडिगॅप (मूळ मेडिकेअरमध्ये न भरल्या जाणाऱ्या खर्चासाठीचा खासगी पूरक विमा) आहे त्यांनी मात्र दोनदा विचार करावा. पहिल्यांदाच ॲडव्हान्टेजमध्ये जात असाल तर साधारण वर्षभरात जुन्या मेडिगॅपकडे परत फिरता येतं. त्यानंतर बहुतेक राज्यांत कंपनी तब्येतीची चौकशी करून नकार देऊ शकते, आणि आजार तर आपणच लेखी सिद्ध केलेला असतो.

मंजुरीचं पत्र आल्यावर तब्येतीच्या आढाव्यासाठी नर्सचा फोन आला. हा आढावा पहिल्या नव्वद दिवसांत व्हावा लागतो. साखर कधी खाली जाते, गेल्या वर्षात पडलात का, पायाला मुंग्या येतात का, औषधाचे पैसे परवडतात का. शेवटच्या प्रश्नावर ही म्हणाली, इन्सुलिन तर महिना पस्तीस डॉलरच्या वर जातच नाही, पायाच्या डॉक्टरांचं काय ते सांगा. त्यांची अपॉइंटमेंट नर्सनेच लावून दिली.