लिनोलियम बसवताना ओल आणि सोडा सांभाळा

दुकानात फरशीवर चिकटवायचं ‘लिनोलियम’ म्हणून बहुतेक वेळा पीव्हीसीची, म्हणजे प्लॅस्टिकची शीट दाखवतात. ती वाईट नसते, पण ती वेगळी वस्तू आहे. शीट उलटी करून पाहा. खऱ्या लिनोलियमच्या मागे विणलेलं तागाचं कापड दिसतं, जवसाच्या तेलाचा वास येतो आणि रंग खालच्या कापडापर्यंत उतरलेला असतो.

फ्रेडरिक वॉल्टननं १८६३ साली इंग्लंडमध्ये याचं पेटंट घेतलं. कृती आजही साधारण तीच: हवेनं घट्ट झालेलं जवसाचं तेल आणि राळ, त्यात लाकडाचा भुसा, बुचाचा भुगा, चुनखडीची पूड आणि रंग. हे मिश्रण तागावर दाबून उंच खोल्यांत कित्येक दिवस टांगून सुकवतात. त्या अंधारात शीटवर पिवळट झाक चढते. नवा रोल पिवळा निघाला म्हणून परत पाठवू नका, उजेडात ती झाक आपोआप उतरते.

मुळात तेल असल्यामुळे क्षार (अल्कली) लागला की त्याचा साबण होऊ लागतो, म्हणजे पृष्ठभाग फिका, ठिसूळ आणि मग तडकलेला. धुण्याचा सोडा, ब्लीच, अमोनिया या फरशीवर नकोत. उदासीन पीएचचा क्लीनर आणि घट्ट पिळलेलं फडकं पुरतं.

ओल्या काँक्रीटमध्ये ओल आणि क्षार दोन्ही असतात, म्हणून खरी जोखीम खालून येते. कोब्यावर दीड फूट चौरस प्लॅस्टिक चारही कडांनी टेपनं चिकटवून किमान १६ तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा सिमेंट काळपट पडलं, तर काम थांबवा. थेंब दिसले नाहीत म्हणून निश्चिंत होऊ नका. मोठ्या कामाला काँक्रीटमधली आर्द्रता मीटरनं मोजून घ्यावी. कोकणात जमिनीला टेकलेल्या तळमजल्यावर, खाली ओलरोधक थर नसेल तर, मी लिनोलियम सुचवणारच नाही. ताग कुजतो.

रोल एक दिवस आधी खोलीत आणून ठेवा. शेजारशेजारच्या पट्ट्या एकाच रोलच्या घ्या, नाहीतर छटा जुळत नाही. दातेरी थापीनं ॲडहेसिव पसरा आणि ते ओलं असतानाच शीट अंथरा. कोपरा उचलून ताग पूर्ण माखलाय का ते बघा. मग ४५ किलो किंवा त्याहून जड रोलर दोन्ही दिशांना फिरवा. यात कसर झाली की बुडबुडे राहतात.

सगळ्यात जास्त चुका जोडात होतात. ॲडहेसिवमधलं पाणी शोषून शीट रुंदीत किंचित फुगते आणि लांबीत आकसते. त्यामुळे लांबीच्या कडा घट्ट भिडवल्या तर जोड उंचावतो. जाड कागद जाईल एवढी फट ठेवा. ॲडहेसिव पक्कं झाल्यावर, साधारण दुसऱ्या दिवशी, जोडावर खाच पाडून लिनोलियमसाठीच बनवलेला वेल्डिंग रॉड (जोड बुजवणारी बारीक दोरी) गरम हवेनं वितळवून भरा. पीव्हीसीचा रॉड यात धरत नाही. रॉड दोनदा कापायचा: गरम असताना वरचा भाग, पूर्ण गार झाल्यावर उरलेला. घाईनं एकदाच सपाट कापला तर गार होताना तो खचतो आणि त्या खाचेत कायमची काळी रेघ धरते.