‘रॉ मटेरियल साइझ’ नावाचा रकाना

हीटसिंकचा (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाचा) आकार काँप्युटरनं ३ रात्रींत शोधून दिला. त्या आकाराला ड्रॉइंग नंबर मिळायला २५ दिवस लागले. टोपॉलॉजी ऑप्टिमायझेशनबद्दल (धातू कुठे ठेवायचा हे काँप्युटरलाच शोधू द्यायचं, त्याबद्दल) जो तो त्या ३ रात्रींचंच कौतुक सांगतो, म्हणून मी उरलेल्या दिवसांबद्दल लिहितोय.

भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मी थर्मलचं काम बघतो. पंखा नसलेला, ३० वॉट उष्णता बाहेर टाकणारा एक कंट्रोल बॉक्स होता. गिऱ्हाईक तो भिंतीवर उभा लावणार की आडवा, हे काही ठरत नव्हतं. सरळ फिनचा (पात्यांचा) हीटसिंक उभा असेपर्यंत शहाण्यासारखा वागतो. आडवा केला की फिनांमधली हवा वर चढत नाही आणि सगळं तापतं. म्हणून हा खटाटोप. (बॉक्स कायम उभाच राहणार असेल तर पुढचं वाचू नका. ६०६३ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचं एक्स्ट्रूजन (साच्यातून दाबून काढलेला तयार भाग) घ्या, फिनांमध्ये ७-८ मिलिमीटर अंतर ठेवा, ॲनोडाइझ करा आणि वेळेवर घरी जा.)

पद्धत थोडक्यात अशी. उपलब्ध जागेचे लाखो बारीक तुकडे करायचे आणि प्रत्येकाला ० ते १ अशी घनता द्यायची. ० म्हणजे हवा, १ म्हणजे ॲल्युमिनियम. धातू एवढाच मिळेल अशी अट घालायची आणि तो कुठे ठेवला की तळ सर्वांत थंड राहतो, हे सॉल्व्हरला (गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमला) फेऱ्या मारत शोधू द्यायचं. १९८८ मध्ये बेंडसो आणि किकुची यांनी ही वाट पाडली ती भार पेलणाऱ्या भागांसाठी; उष्णतेचे लोक तिच्यावर नंतर आले. हात बसवायला ओले सिग्मुंड यांचा २००१चा ९९ ओळींचा मॅटलॅब प्रोग्रॅम आजही पुरेसा आहे.

पहिल्या खेपेला मी हवेचा प्रवाह सोडवायचा कंटाळा केला आणि सगळ्या पृष्ठभागावर ‘एच’चा (पृष्ठभागावरून हवेत किती उष्णता जाते त्याचा) एकच आकडा टाकला. केसांएवढ्या फांद्यांचं झुडूप आलं. त्या मॉडेलच्या लेखी जास्त पृष्ठभाग म्हणजे जास्त गारवा. दाट फांद्यांत गरम हवा कोंडून बसते हे त्याला कुठून कळणार? हवेसकट सोडवल्यावर मात्र जाड बुंधा, मोजक्या फांद्या आणि मध्ये मोकळी जागा असं समजूतदार झाड आलं. मी खूश, साहेब खूश.

घोड्यानं पेंड खाल्ली ती ड्रॉइंग सेक्शनमध्ये.

आधी फाइल. सॉल्व्हरमधून निघालेला आकार म्हणजे ४ लाख त्रिकोणांची जाळी. ती तशीच स्टेप या कॅड फाइलच्या प्रकारात बदलली तर प्रत्येक त्रिकोण हा वेगळा पृष्ठभाग होतो. कॅडमध्ये (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) फाइल उघडायला लावून मी चहा पिऊन आलो तरी चक्र फिरतंच होतं. शेवटी त्रिकोण कमी केले, जाळी गुळगुळीत केली आणि वरून नवे पृष्ठभाग चढवले. यात फांद्या थोड्या बारीक होतात. त्यामुळे नव्या आकारावर सिम्युलेशन पुन्हा चालवा, जुन्या तापमानावर विसंबू नका.

मग ड्रॉइंग तपासणारे चेकर. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

“मापं कुठेत?”

“साहेब, याला तशी मापं नाहीत. मॉडेल हेच माप.”

“मग इन्स्पेक्शनवाले काय, मॉडेलची आरती करणार?”

राग आला, पण मुद्दा बिनतोड होता. ३ वेळा कागद परत आला. शेवटी बसलेला तोडगा असा: तळाची लांबी-रुंदी, एम४ची ४ भोकं आणि तळाचा सपाटपणा यांना रीतसर मापं, झाडाच्या भागाला एकच टीप, ‘आकार ३डी मॉडेलप्रमाणे, पृष्ठभाग प्रोफाइल टॉलरन्स ०.५’, म्हणजे पृष्ठभाग मॉडेलपासून किती ढळला तर चालेल ते. हे पहिल्याच दिवशी केलं असतं तर १० दिवस वाचले असते.

उरलेले दिवस खाल्ले एका रकान्यानं. ‘रॉ मटेरियल साइझ’. सक्तीचा, आणि फक्त आकडा घेणारा. आमचा भाग लेझरनं पावडर वितळवून छापायचा. पावडरीची साइझ काय लिहू? त्यासाठी नवा मटेरियल कोड हवा. कोड परचेस देणार, परचेसला ड्रॉइंग नंबर हवा, आणि ड्रॉइंग नंबरसाठी मटेरियल कोड हवा. मी हे संबंधित तिघांना एकाच टेबलाशी उभं करून सांगितलं. तिघांनीही मान डोलावली आणि आपापल्या जागी गेले.

एकानं हळूच सुचवलं, “६०६३चा कोड टाका हो, ॲल्युमिनियम ते ॲल्युमिनियम.” नाही टाकला. ६०६३ची उष्णतावाहकता २०० वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असते. छापायची मिश्रधातू सिलिकॉनवाली, मशीनमधून निघाल्या निघाल्या त्याच्या बरीच खाली. हीट ट्रीटमेंटनं ती सुधारते, हे ऑर्डरमध्येच लिहा. उद्या कुणी तो कोड बघून सिम्युलेशन केलं असतं तर माझ्याच नावानं शिमगा झाला असता.

गाठ सोडवली स्टोअरच्या मॅडमनी. सॅम्पलसाठी वेगळा गट असतो, त्यात तात्पुरता कोड २ मिनिटांत निघतो. “आधी का नाही विचारलंत?” म्हणाल्या. काय सांगणार! अशा कामात आधी स्टोअरमध्ये जा, साहेबांकडे नंतर.

हो, सॉल्व्हरचं राहिलंच. फिल्टरची (फार बारीक फांद्या गाळून टाकणाऱ्या गाळणीची) त्रिज्या मिलिमीटरमध्ये धरा, तुकड्यांच्या संख्येत नको. नाहीतर मेश (तुकड्यांची जाळी) बारीक केली की फांद्याही बारीक होत जातात. अर्धवट घनतेच्या करड्या तुकड्यांना ० किंवा १कडे ढकलायची धार १, २, ४, ८ अशी हळूहळू चढवा. मी एकदम ३२ टाकली होती आणि सॉल्व्हर पहिल्याच वेड्यावाकड्या आकाराला चिकटून बसला. आणि ४५ अंशांपेक्षा जास्त ओणवलेल्या फांद्यांखाली छपाईत टेकू लागतात. ते काढताना माझी एक फांदी तुटली.

छापलेला भाग आडव्या बॉक्सवर जुन्या सरळ फिनच्या हीटसिंकपेक्षा ६ अंशांनी थंड राहिला. उभ्यावर जेमतेम १.

ती तुटलेली फांदी आता जाड केली आहे, म्हणजे ड्रॉइंगची पुढची आवृत्ती, रिव्हिजन बी. फॉर्म काल परत आला. वजनाच्या रकान्यात मी ‘अंदाजे’ लिहिलं होतं.