वॅट वाढले, खोकी आक्रसली

रविवार, रात्र

दुपारी तापकीर गल्लीतून (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) एक क्लास डी ॲम्प्लिफायर बोर्ड आणला, म्हणजे कमी वीज वाया घालवून आवाज मोठा करणारी पट्टी. तळहाताएवढा, ब्लूटूथ त्यातच, काही शे रुपयांचा. बंद पडलेल्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लावला, माळ्यावरचे बाबांच्या कॅसेट डेकचे दोन लाकडी स्पीकर बॉक्स खाली काढून जोडले आणि भीमसेनजींच्या एका मैफलीचं रेकॉर्डिंग लावलं. गाणं सुरू व्हायच्या आधीचा तानपुरा इतका मोकळा, बाबांच्या कॅसेटवर तो सूं आवाजात निम्मा बुडालेला असायचा.

पूर्वी असा डेक लोकल असेंबल्ड मिळायचा, आत आवाज मोठा करणारी ४४४०ची आयसी (चिप), जाडजूड ट्रान्सफॉर्मर, एक हलकीशी घूंऽऽ कायमची सोबतीला. आयसी तापायची कारण निम्मी वीज उष्णतेतच जायची, आता क्लास डीमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास वीज कामी येते म्हणून तर एवढ्याशा बोर्डात भागतं. कॅसेटची तऱ्हा वेगळीच, टेप वाचणारं हेड स्पिरिटने पुसा, स्क्रू फिरवून ॲझिमथ (हेडचा तिरकेपणा) जुळवा, बेल्ट सैल झाला की गवयी बेसूर. आज साध्या फोनमधूनही सूर हलत नाही. त्यामुळे स्वस्तातलं ऑडिओ सुधारलं का असं कुणी विचारलं तर वायर संपेपर्यंत नक्कीच सुधारलंय, स्पीकरपाशी आलो की मी जरा अडखळतो.

कारण हवा हलवायला जागा लागते, त्याला काही चिप नाही. तेवढ्याच मोठ्या आवाजात एक सप्तक खाली जायचं तर स्पीकरच्या कोनला (हलणाऱ्या पडद्याला) चौपट पुढेमागे व्हावं लागतं, आताच्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरचा दोन इंची कोन बिचारा किती हलणार! मग आतलं सॉफ्टवेअर हुशारी करतं, हळू आवाजात बास फुगवतं, मोठा केला की गुपचूप काढून घेतं. डग्ग्याची घुमार तिथेच जाते, उरते टपटप. लोकांना पूर्वी हे बरोबर कळायचं, उगाच नाही माठाच्या तोंडावर स्पीकर उपडा बसवायचे (पानटपरीवर तर हमखास). बास जरा भसाडा यायचा पण यायचा.

आणि स्टीरिओ कुठे गेला? दोन बॉक्स दोन कोपऱ्यांत ठेवायचे हा साधा नियम होता, आता एकच डबा टेबलावर आणि डावं-उजवं सगळं त्यातच.

आकड्यांची फेकाफेक मात्र तेव्हापासून तशीच आहे. नव्वदीत खोक्यावर पीएमपीओचे (क्षणभराच्या कमाल ताकदीचा फुगवलेला आकडा) हजारो वॅट छापलेले असायचे आणि आत १२ व्होल्ट १ अँपिअरचा ॲडॉप्टर, म्हणजे आत जाणार १२ वॅट, बाहेर हजार कुठून येणार? अजूनही मी काहीही घेताना पुढचं स्टिकर सोडून ॲडॉप्टरच वाचतो.

दादाचं म्हणणं साउंडबार घे, सुटसुटीत. टीव्हीवरचे संवाद ऐकायला ठीकच आहे, आईला बातम्या नीट कळतील. पण गाण्याला हे बॉक्सच राहूदेत. डावीकडच्या वुफरच्या (बासच्या मोठ्या स्पीकरच्या) कडेचा फोम पार भुगा झालाय, बुधवार पेठेत कोन बदलून देणारे आहेत अजून, शनिवारी नेऊन बघतो. फक्त जिन्यावरून उतरवताना दादाची मदत लागणार आणि तो तेवढ्यात पुन्हा साउंडबारवर येणार.