परवाना हाय की माझ्याकडं

आमच्या मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या शेडला एका पत्र्यात भोक आहे. करंगळी जाईल एवढं. उन्हाळ्यात दुपारी त्यातून कवडसा येतो आणि पंगत बसते त्या फरशीवर रुपयाएवढा पडतो. दीर दोनदा पत्रा बदलायला निघाले, मी बदलू दिला नाही. शिडी लावून वर चढून बघितलंय मी ते. कडा बाहेरच्या बाजूला वळलेल्या आहेत, म्हणजे गोळी आतून वर गेली.

लातूर-अंबाजोगाई रस्त्याला आमचं कार्यालय आहे. मालक गेल्यापासून मी आणि दीर मिळून चालवतो. त्या दिवशी अक्षता व्हायच्या होत्या. ऊन फार, म्हणून लेकरांची पंगत आधीच बसवली होती. वरात दारात आली, डीजे चालू, फटाक्यांची माळ चालू. नवरदेवाकडचा एक पाहुणा सावलीला म्हणून शेडच्या तोंडाशी आला आणि त्यानं कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून हात वर केला. कुणाला काही कळलं नाही, सगळ्यांना फटाकाच वाटला. रिव्हॉल्व्हरचं रिकामं काडतूस आतच राहतं, त्यामुळं खाली पडलेलंही काही दिसलं नाही. बघितलं ते फक्त आमच्या वाढप्या पोरानं. वरणाची बादली हातात तशीच धरून ते माझ्याकडं आलं आणि वर बोट दाखवलं.

मी त्या पाहुण्याला बाजूला घेतलं. माणूस रागावला नाही, उर्मटही बोलला नाही. समजावल्यासारखं म्हणाला, "कामून घाबरायल्या ताई? परवाना हाय की माझ्याकडं. ऑल इंडिया हाय."

त्या दिवशी मी पोलिसांकडं गेले नाही. मंडपात मुलीचा बाप हात जोडून उभा होता, त्याचा चेहरा बघून मी गप्प बसले. ते माझं चुकलं. लेकरांच्या डोक्यावरून फार तर सात-आठ फुटांवरून ती गोळी गेली होती.

पण ते "परवाना हाय की" माझ्या डोक्यातून जाईना. कारण मलाही तसंच वाटत होतं. एकदा सरकारनं परवाना दिला म्हटल्यावर माणूस ते कुठंही नेणार, आपण अडवणारे कोण? सासऱ्यांची बारा बोअर घरात होती, तिच्याकडं बघतच मी या घरात नांदले. निजामाच्या काळात, रझाकारांच्या दिवसांत वाड्यात हत्यार होतं म्हणून माणसं वाचली, हे सासरे शेवटपर्यंत सांगायचे. आमच्या भागात घरातल्या बंदुकीला जो मान आहे तो तिथून आलाय, आणि तो मला समजतो. पण सासऱ्यांनी ती बंदूक एकाही लग्नात नेली नाही. रानडुकरं उसात शिरली की शेतात न्यायची, आणून पुसायची, कुलपात ठेवायची.

सासरे वारले तेव्हा ती बंदूक आम्ही ठाण्यात जमा केली होती. तेव्हाही गावातल्या शहाण्यांनी सांगितलंच होतं, की सातबाऱ्यासारखं नाव चढतं, घरातच राहू द्या. तसं नाव चढत नाही. परवाना माणसाचा असतो, माणसाबरोबर संपतो. वारसाला बंदूक हवी असेल तर त्यानं स्वतःच्या नावानं अर्ज करायचा. त्या वेळी आम्हाला मदत केली होती माझ्या एका लांबच्या मामांनी. ते कलेक्टर ऑफिसात शस्त्र शाखेत कारकून होते, आता रिटायर आहेत. पत्र्याच्या प्रकरणानंतर मी त्यांच्याकडंच गेले. सासऱ्यांच्या परवान्याच्या जुन्या पुस्तकाची झेरॉक्स पिशवीत होती.

मामांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि मागच्या बारीक छापावर बोट ठेवलं. "हे कुणीच वाचत नाही बग," म्हणाले. "फोटो आणि शिक्का बघतेत, संपलं." तिथं परवान्याच्या अटी होत्या, इंग्रजीत. त्यांनी एक अट मला मराठी करून सांगितली. ज्या कारणासाठी परवाना दिलाय, म्हणजे स्वसंरक्षण, पीकसंरक्षण, खेळ, त्याच कारणासाठी शस्त्र बाळगायचं. आणि जिल्हाधिकाऱ्यानं खास परवानगी दिली नसेल तर जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, माणसांच्या जमावात किंवा शाळा-कॉलेजच्या आवारात ते न्यायचं नाही.

मी त्यांना पुन्हा वाचायला लावलं. जत्रा, मिरवणूक, जमाव, शाळा. म्हणजे आमच्याकडं माणूस रिव्हॉल्व्हर लावून जिथं जिथं मिरवतो, त्या सगळ्या जागा. नवरात्रात तुळजापूरला जाताना कमरेला असतं. येरमाळ्याच्या यात्रेत असतं. नातवाला शाळेतून आणायला जातानाही असतं. यातलं कुठलंच परवान्यात बसत नाही, आणि हे परवान्याच्या पुस्तकातच छापलेलं आहे.

"मंग ऑल इंडिया म्हणजे काय?" मी विचारलं.

मामा म्हणाले, ती हद्द असते. परवाना एका जिल्ह्यापुरता असतो, राज्यापुरता असतो नाहीतर देशभराचा असतो. जिल्ह्यापुरता असेल तर लातूरचा माणूस ते घेऊन बीड जिल्ह्यात गेला की तिथं तो परवाना चालत नाही. आमच्या कार्यालयापासून जिल्ह्याची हद्द काही लांब नाही. पाहुणे दोन्हीकडून येतात, आणि ती ओलांडताना कुणाच्या मनातही येत नाही. देशभराचा परवाना असला तर हद्दीचा प्रश्न मिटतो, अटी मात्र तशाच राहतात. तुळजापूरच्या जत्रेत मनाई असेल तर ऑल इंडियावाल्यालाही मनाईच.

त्यात आणखी एक असतं. पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी येते, 'जिल्ह्यात शस्त्रबंदी व जमावबंदी'. मी ती कधी वाचलीच नव्हती. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७. त्याखाली बंदूक तर सोडाच, तलवारी, भाले, लाठ्या-काठ्यासुद्धा घेऊन फिरायला बंदी घालता येते. त्यातली जमावबंदी सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांच्या वर चालत नाही, पण सण, मोर्चे, निवडणुका आल्या की एक संपला की दुसरा निघतो. त्या दिवसांत खिशातला परवाना पुढं करून भागत नाही.

मी मामांना सगळ्यात जास्त विचारलं ते कार्यालयाबद्दल, कारण माझ्याशी वाद घालणारे हमखास हेच म्हणतात: "ही काय सरकारी जागा हाय का? तुमचं खाजगी कार्यालय हाय, रस्ता थोडाच हाय." मामांचं म्हणणं सरळ होतं. सातबारा कुणाच्याही नावानं असू दे, हजार माणूस जमलं की तो जमावच. कायद्यात तर लग्नाचं नाव घेऊन लिहिलंय. २०१९ च्या डिसेंबरात शस्त्र कायद्यात बदल झाला आणि आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराचा वेगळा गुन्हा आला. लग्न, धार्मिक स्थळ, जमाव किंवा कुठलाही कार्यक्रम असो, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल अशी गोळी उडवली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणाला लागलीच पाहिजे असं नाही. "हवेतच मारली, कुणाला लागली का?" असं म्हणणाऱ्यांना मी आता पत्र्याखाली नेते आणि वर बघा म्हणते.

फोटोचंही तसंच. नवरदेवाच्या हातात पाहुण्याचं पिस्तूल देऊन फोटो काढायचं फॅड आलंय. फोटोग्राफरच सांगतात, "हात असा धरा, मान वर करा." परवाना पाहुण्याचा, हात नवरदेवाचा. दुसऱ्याचं हत्यार हातात घ्यायला कायद्यानं थोडी मोकळीक आहे: दुरुस्तीला न्यायचं असेल, परवाना नूतनीकरणाला न्यायचा असेल किंवा मालकाच्याच वापरासाठी असेल, तर त्याच्या समोर किंवा त्याच्या लेखी परवानगीनं. फोटो त्यात कुठंच नाही. विनापरवाना शस्त्र बाळगल्याची शिक्षा २०१९ नंतर कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं आहे. हळद लावलेल्या पोराला हे माहीत नसतं. त्याच्या हातात पिस्तूल देणाऱ्या पाहुण्याला तरी माहीत पाहिजे.

आणि मग माझी स्वतःची गोष्ट निघाली. पत्र्याच्या प्रकारानंतर मी ठरवलं होतं की हत्यार आत न्यायचं नाही, ऑफिसात जमा करायचं. भांडारघरातल्या लोखंडी कपाटात मी ती ठेवायचे. चिठ्ठीवर नाव लिहून चिठ्ठी हत्याराला बांधायचे आणि जाताना परत द्यायचे. मला वाटायचं मी फार जबाबदारीनं वागतेय. हे सांगितल्यावर मामांनी चष्मा काढून ठेवला. "अगं, तुझ्याकडं कुठं परवानाय?" म्हणाले. "धाड पडली तर त्या कपाटाची मालकीण तू. ती शस्त्रं तुझ्या ताब्यात."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दोन हंगाम मी ते करत होते.

"मंग गाडीत ठेवू द्यावं का?" मी विचारलं. तेही नको म्हणाले. मालक आत जेवायला, गाडी बाहेर, चावी ड्रायव्हरकडं. मग हत्यार कुणाच्या ताब्यात राहिलं? परवानाधारकानं ते सुरक्षित ठेवायचं असतं. गाडीचा डॅशबोर्ड म्हणजे घरातली तिजोरी नाही. नेण्याचीही रीत २०१६ च्या शस्त्र नियमांत दिलीय: पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असेल तर होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं. शर्ट वर सरकवून मूठ दिसेल असं लावणं हे त्या नियमाच्या उलट आहे. पण आमच्याकडं ते लावलं जातं तेच मुळी दिसण्यासाठी.

अटी मोडल्या तर शिक्षा काय, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऐकायला थोडी वाटते. पण मामा म्हणाले, खरी भीती त्याची नसते, परवाना रद्द होण्याची असते. ते किती खरं आहे ते आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यानं बघितलंय. २०२४ च्या डिसेंबरात तिथं सरपंचाचा खून झाला, त्यानंतर पिस्तुलं घेतलेले फोटो आणि व्हिडिओ राज्यभर फिरले, परवान्यांची छाननी झाली आणि कितीतरी परवाने रद्द झाले.

निवडणुकीबद्दलही लोक दोन्ही बाजूंनी चुकीचं बोलतात. कुणी म्हणतं फक्त उमेदवारांनी हत्यार जमा करायचं असतं, कुणी म्हणतं झाडून सगळ्यांनी. प्रत्यक्षात जिल्ह्यात छाननी समिती बसते आणि कुणाकडून जमा करून घ्यायचं ते ठरवते. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची नोंद असलेले, पूर्वी दंगलीत किंवा निवडणुकीच्या हाणामारीत सापडलेले, यांच्यावर आधी नजर असते. लातूरचं लोकसभेचं मतदान ७ मे २०२४ ला झालं, बीडचं १३ मेला, म्हणजे ऐन लग्नसराईत. त्या महिन्यात आमच्याकडं काहीजण रिकामं होल्स्टर लावून आले होते. हत्यार ठाण्यात आणि चामडं कमरेला. त्यातल्या एकाही माणसावर त्या महिन्यात कुणी हल्ला केला नाही.

ज्यांच्या जिवाला खरंच धोका आहे अशी माणसं आहेत, हे मी नाकारत नाही. रोकड घेऊन रात्री-बेरात्री एकटे फिरणारे व्यापारी मला माहीत आहेत. ते कार्यालयात येतात तेव्हा त्यांच्याकडं हत्यार आहे हे मला कधी कळलंही नाही, किंवा ते आणतच नसतील. माझं भांडण त्यांच्याशी नाही.

आता आमच्या बुकिंगच्या फॉर्मवर, भांड्यांच्या मोडतोडीच्या वर, मोठ्या अक्षरात एक ओळ आहे: परवाना असला तरी कार्यालयाच्या आवारात शस्त्र आणू नये, कार्यालय शस्त्र सांभाळणार नाही. दोन्ही घरच्यांची सही त्या ओळीखाली वेगळी घेते. यामुळं काही तारखा गेल्या. एका घरचे अॅडव्हान्स परत घेऊन गेले, म्हणाले आमचे पाहुणे मानाचे आहेत. जाऊ द्या म्हटलं.

गेल्या महिन्यात एक लग्न होतं. मुलीचे मामा आले, जाड अंगाचे, पांढरेशुभ्र कपडे. दारातच आमच्या दिरांनी नमस्कार करून विचारलं. त्यांनी शर्टावर हात ठेवला आणि म्हणाले, "हाय. पण परवाना हाय की माझ्याकडं." मी पुढं झाले. म्हटलं, "दादा, तुमच्या परवान्याच्या पुस्तकात मागच्या पानावर काय लिहिलंय ते वाचलंय का?" ते गप्प झाले. मोबाइलमध्ये परवान्याचे फोटो होते, ते काढून तिथंच उभ्यानं मोठे करून वाचायला लागले. इंग्रजी त्यांना वाचता येत होतं. 'फेअर' वाचलं, 'असेंब्लेज' वाचलं, थोडा वेळ स्क्रीनकडं बघत राहिले. मागं बायको आणि सून आहेराची पिशवी घेऊन उभ्या होत्या.

मग त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि मला विचारलं, "अक्षता कितीला हायत?"

"बाराला."

"घर चौदा किलोमीटर हाय. ठेवून येतो. ह्यांना आत घ्या."

अक्षता त्यांना मिळाल्या नाहीत. पाठवणीच्या आधी आले, घामानं शर्ट चिकटलेला, कंबर मोकळी. पंगती उठल्या होत्या, आचारी भांडी आवरत होते. त्यांचं ताट मी बाजूला झाकून ठेवलं होतं.