इंग्लंडमधल्या जुन्या चर्चचं छप्पर : परवानगी काढायचा माझा अनुभव

नॉरफोकमधल्या आमच्या गावातल्या चर्चच्या छपरावरचं शिसं चोरीला गेलं आणि नवीन छपराच्या परवानगीचं बरंचसं कागदी काम माझ्याकडे आलं. मी ख्रिश्चन नाही, पण इथे बऱ्याच गावांत नुसती इमारत सांभाळायला ‘फ्रेंड्स’ म्हणून वेगळा ग्रुप असतो, त्यात कोणालाही जाता येतं.

या चर्चना देखभालीसाठी सरकारकडून नेमाने पैसे येत नाहीत. 1868 पर्यंत गावकऱ्यांकडून सक्तीची पट्टी घेता यायची, ती बंद झाल्यापासून मुख्य भिस्त वर्गणीवरच, आणि एकट्या नॉरफोकमध्ये मध्ययुगातली साडेसहाशेच्या वर चर्च आहेत, कितीतरी गावं अगदी लहान, त्यामुळे चोरी झाली की सगळं गाव काळजीत पडतं.

चर्च ऑफ इंग्लंड या इथल्या अधिकृत चर्चसंस्थेला लिस्टेड बिल्डिंगच्या (म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत असलेल्या इमारतीच्या) सरकारी परवानगीतून सूट आहे, त्याऐवजी त्यांची स्वतःची परवानगी लागते, तिला फॅकल्टी म्हणतात आणि ती देतो डायोसिसचा, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या विभागाचा, चान्सलर, म्हणजे चर्चच्या कोर्टाचा न्यायाधीश. पन्हळी साफ करण्यासारख्या किरकोळ कामांना काही लागत नाही, थोडं मोठं असेल तर आर्चडीकनची, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याची, लेखी संमती पुरते. आम्हाला मात्र शिशाऐवजी वरून मुलामा दिलेलं (टर्न-कोटेड) स्टेनलेस स्टील घालायचं होतं, ते लांबून शिशासारखंच करडं दिसतं पण भंगारात शिशाएवढा भाव येत नाही. मटेरियल बदलतंय म्हटल्यावर फॅकल्टी आलीच.

अर्ज व्हायकर (चर्चचे पाद्री) आणि चर्चवॉर्डन (लोकांमधून निवडलेले कारभारी) यांच्या नावाने, ऑनलाइन. सोबत दोन टिपणं लागतात, इमारतीचं महत्त्व काय आणि कामाची गरज काय. पहिलं लिहिताना मी अक्षरशः रमलो. इथे घडवायला चांगला दगड मिळत नाही म्हणून भिंती चकमकीच्या दगडाच्या, मधला मोठा भाग लोकरीच्या व्यापारातून पैसा आला त्या पंधराव्या शतकातला, भिंतींवरची चित्रं पुढच्या शतकात धर्मसुधारणेच्या वेळी चुन्याखाली गेलेली. 1955 च्या कायद्यापासून दर पाच वर्षांनी आर्किटेक्टकडून तपासणी करावी लागते, ते जुने रिपोर्ट कपाटात होते, ते ओळीने वाचले की पाणी कुठून मुरतंय हे आपोआप कळतं. हे रिपोर्ट आधी वाचाच.

डायोसिसच्या सल्लागार समितीला अर्जाच्या आधीच बोलवा. त्यांनी विचारलं की स्टीलखालच्या फळ्यांना हवा कशी लागणार, नाहीतर खालून दव धरून लाकूड कुजेल, आणि त्यावरून आर्किटेक्टने ड्रॉइंग बदललं. मला तरी ही सगळी विचारपूस गरजेचीच वाटते. छपरात राहणाऱ्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे, त्यांचा सर्व्हे उन्हाळ्यातच नीट होतो, तोपर्यंत वर ताडपत्री. मग हिस्टॉरिक इंग्लंड (वारसा जपणारी सरकारी संस्था) आणि स्थानिक काउन्सिलचं मत, दारावर 28 दिवस नोटीस, आणि मग फॅकल्टी आली.

पैशांचं म्हणाल तर दुरुस्तीवर 20 टक्के व्हॅट लागतो, तो परत मिळायची योजना मार्च 2026 पर्यंत होती, तिच्यातही एप्रिल 2025 पासून एका इमारतीला वर्षाला 25,000 पौंडांची मर्यादा आली होती, म्हणून बजेट करताना पूर्ण व्हॅट धरूनच चाला.

स्टील बसलंय. आता टॉवरच्या भिंतीतलं सिमेंट काढून चुना भरायचाय, सिमेंटमुळे भिंतीतली ओल बाहेर पडत नाही. चुन्याला गोठणारी थंडी चालत नाही, त्यामुळे ते काम वसंतातच.